भंगारात का म्हणून?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानदार म्हणाला, "सर, हा संगणक आता भंगारात द्या." का म्हणून? चांगला धडधाकट आहे की! मी त्यावर लिनक्स मिंट टाकले. वायफाय काही दिसेना.

पुतण्याला तेवढेच हवे होते. "काका, तरी म्हणत होतो, त्या लिनक्सच्या नादी लागू नका."

अरे बाबा, चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हरचा सोर्स कोड दडवून ठेवला, म्हणून तो कर्नेलमध्ये नाही. यात लिनक्सचा काय दोष? वेगळा उतरवून घ्यावा, तर त्यालाच नेट हवे! शेवटी मोबाईल वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू केले. मोबाईलने घरचेच वायफाय संगणकाला वाटून दिले. ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर आणला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, वायफाय हजर. खर्च शून्य.

हे त्याच 'भंगारा'वर टंकतो आहे. पुतणेबुवा, वाचताय ना?