द्रावकाचे श्रेय वनस्पतीला?

आपल्या वनस्पतींचे अर्क पक्षाघातात प्राण्यांवर उपयुक्त ठरल्याचे शोधनिबंध वाचून नागपुरातील आम्हा वैद्यांनाही अभिमान वाटतो. परंतु तो अर्क कशात विरघळविला होता, हे आपण क्वचितच पाहतो. पाण्यात न विरघळणाऱ्या अर्कांसाठी प्रयोगशाळेत पुष्कळदा डायमिथाइल सल्फॉक्साइड अर्थात डीएमएसओ वापरतात. हे द्रावक स्वतःच मुक्त मूलके निष्प्रभ करते आणि रक्तपुरवठा खंडित झालेल्या उंदरांच्या मेंदूतील इजा कमी करते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. चरकसंहितेने मधाला योगवाही म्हटले, पण त्याचे स्वतःचे गुणही सांगितले. तोच न्याय येथे लावावा. तुलनेच्या गटाला तेवढेच द्रावक दिले नसेल, तर श्रेय ब्राह्मीचे की द्रावकाचे?

मानवी पक्षाघातात डीएमएसओची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये त्यास मान्यता मिळाली ती मूत्राशयाच्या एका विकारासाठी. तेव्हा चिकित्सालयात हा प्रयोग कोणी करू नये. लक्षणे दिसताच रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

पदव्युत्तर प्रबंधांवर मात्र, केवळ द्रावक दिलेला गट असल्याखेरीज, मार्गदर्शकांनी स्वाक्षरी करू नये.