छोटी मोटार आणि रोजचा रस्ता

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ‘मारुती ८००’ या मोटारीची पहिली किल्ली एका ग्राहकाला देण्यात आली. तोवर खासगी मोटार म्हणजे बहुधा अॅम्बॅसडर किंवा फियाट. आणि तीही वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी. पुढे एक मूल उभे, मागे पत्नीच्या मांडीवर दुसरे, अशा अवस्थेत पावसात स्कूटर हाकणाऱ्या मध्यमवर्गीयाला या चिमुकल्या गाडीने डोक्यावर छप्पर दिले. २००८ साली रतन टाटा यांनी ‘नॅनो’ सादर केली, तेव्हा त्यांच्याही नजरेसमोर हेच स्कूटरवरचे कुटुंब होते. म्हणून छोट्या मोटारीला चैन म्हणून हिणवणे मला मान्य नाही. आजारी वडिलांना मध्यरात्री रुग्णालयात नेण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला तिचे मोल सांगावे लागत नाही.

प्रश्न आहे तो तिच्या रोजच्या वापराचा. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु हिशेबासाठी तीच घेऊ, कारण तिच्याहून लहान गाड्या आपल्याकडे फारशा झाल्या नाहीत. वजन सुमारे साडेसहाशे किलो, लांबी सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक. सकाळी कचेरीच्या वेळी पुण्याच्या कर्वे रस्त्यावर पाहावे, तर मोटारीमागून मोटारीत एकच माणूस. पासष्ट किलोच्या देहासाठी दहापट लोखंड! बारा मीटर लांबीच्या बसला रांगेत अशा साडेतीन गाड्यांइतकी जागा लागते. बसमध्ये चाळीस माणसे सहज बसतात, गाड्यांतून तीन-चार जातात. शिवाय तीन-चार किलोमीटरांच्या प्रवासात इंजिन पुरते तापतही नाही. थंड इंजिन पेट्रोल अधिक पिते आणि धूरही अधिक ओकते. दिवसातले बावीस तास तर ही गाडी नुसती उभी असते, तीही पुष्कळदा सार्वजनिक रस्त्यावर, फुकट.

बस वेळेवर येत नाही, थांब्यापर्यंत चालायला धड पदपथ नाही, ही तक्रार खोटी नाही. रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी करावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट सांगितले होते. पदपथ मात्र अजून तुटकेच. परंतु सबबीलाही मर्यादा असते. कर्वे रस्त्याच्या डोक्यावरून मार्च २०२२ पासून मेट्रो धावते आहे आणि तिच्या सावलीत मोटारींची रांग तशीच उभी आहे.

एकाच गृहसंकुलातून एकाच दिशेला तीन गाड्या निघत असतील, तर तिघांनी एकीत बसायला काय हरकत आहे? पेट्रोलचा खर्च तिघांत वाटला जाईल. उरलेल्या दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या, तरी रविवारी मुलांना आजोळी नेण्यासाठी आणि रात्री-अपरात्रीच्या दुखण्यासाठी त्या आहेतच.