आधी निदान, मग नवा प्लॅन

घरातले इंटरनेट मंदावले की बहुतेक ठिकाणी दोनच उपाय होतात. पहिला, राउटर बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने भागले नाही, तर जास्त वेगाचा आणि जास्त पैशांचा प्लॅन घेणे. पहिल्या उपायाने अनेकदा काम होते, पण दुखणे कुठे होते ते कळत नाही. दुसऱ्याने खिशाला चाट बसते आणि पुष्कळदा दुखणे तसेच राहते. घरापर्यंत येणारा वेग आणि हातातल्या फोनपर्यंत पोचणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगतच नाही.

हा प्रश्न आता केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. ई-संजीवनीसारख्या सेवेतून डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो, मुलांचे वर्ग आणि नोकरीच्या मुलाखती पडद्यावर होतात, अनेकांचे रोजचे काम घरातल्या जोडणीवर चालते. ऐन वेळी आवाज तुटला तर होणारे नुकसान खरे असते. म्हणूनच फ्यूज उडाला की नाही हे पाहणे जसे घरोघरी जमते, तसे राउटरचे साधे निदानही जमायला हवे.

सुरुवात राउटर बंद करण्याआधी, त्याच्या दिव्यांपासून करावी. फायबर जोडणीच्या बहुतेक यंत्रांवर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशाचा संदेशच येत नाही. अशा वेळी केबल कपाटामागे दबली किंवा काटकोनात वळली आहे का, एवढेच पाहावे. तीव्र वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. केबल काढून टोकात मात्र डोकावू नये. त्यातला लेझर अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. केबल ठीक असेल तर थेट तक्रार नोंदवावी. इथे नवा प्लॅन किंवा नवा राउटर उपयोगाचा नाही.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, तर दोष घरातला. तारेवरही मिळत नसेल तर दोष राउटरचा, तारेचा किंवा बाहेरचा. अनेक जुन्या राउटरांचे तारेचे पोर्ट १०० एमबीपीएसपुढे जातच नाहीत. तिथे २०० चा प्लॅन घेणे म्हणजे अरुंद नळाला मोठी टाकी जोडणे. शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, गणित आहे.

वाय-फायचा दोष बहुधा जागेचा असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे तुलनेने बऱ्या पोचतात, पण शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास, २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेल वापरात असतात. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त, पण काँक्रीटच्या भिंतीपुढे त्याची दमछाक होते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर हवा. प्रत्यक्षात तो दाराशी, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात असतो, कारण केबल तिथवर आली.

काही घरांत तो किरणांच्या भीतीने झाकला जातो. राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारण वॅटच्या दहाव्या भागाइतकी असते आणि या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. झाकून आरोग्य राखले जात नाही, फक्त संदेश क्षीण होतो.

आणखी एक खबरदारी: बंद-चालू करणे वेगळे आणि टाचणीने दाबायचे ‘रिसेट’ वेगळे. रिसेटने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घर बिनइंटरनेटचे राहते.

यातले काहीही अवघड नाही. तरीही सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला. पण घराच्या शेवटच्या खोलीत किती वेग पोचतो, याची विचारपूस जोडणी देताना क्वचितच होते. तंत्रज्ञाने जाण्याआधी त्या खोलीत वेग मोजून दाखवावा, तारेवरचा आकडा लिहून द्यावा आणि दिव्यांचा अर्थ सांगणारा एक कागद मराठीत राउटरसोबत द्यावा. या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही. तक्रार आल्यावर मोठा प्लॅन सुचवण्याआधी तारेवरची चाचणी झाली की नाही हे विचारणे, हेही सेवेचेच काम आहे. डॉक्टर नाडी न पाहता औषधाचा डोस वाढवत नाहीत. महिन्याचे बिल भरणाऱ्यानेही तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.