अकरा मिनिटं आणि एक हॉल तिकीट

तुमच्या लॅपटॉप बॅगेत आत्ता काय काय आहे? चार्जर, पॉवर बँक, डोकेदुखीची गोळी, पावसाळा असेल तर छत्री. म्हणजे ऑफिसात बारीकसारीक काहीही झालं तरी आपण एकदम रेडी! आता दुसरा प्रश्न. गावाकडच्या घरात, दाराजवळ, अशी एखादी बॅग आहे? नाही ना? आमच्याकडेही नव्हती. २१ मार्च २०२४ पर्यंत.

त्या दिवशी भल्या सकाळी पुण्यात माझा मोबाइल वाजला. पलीकडे आई. आमचं गाव पुसेगाव, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. ‘‘अरे, भांडे वाजायलेत म्हणून उठले, तर पलंगच हलायला!’’

६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता. धक्का थांबल्यावर सगळे अंगणात आले. तेवढ्यात माझी भाची ‘‘माझं हॉल तिकीट!’’ असं ओरडत परत घरात पळाली. दहावीची परीक्षा चालू होती. तिकीट कुठे ठेवलंय ते काही आठवेना. दप्तर झालं, कपाट झालं, गादीखाली झालं. ती शोधत असतानाच ६ वाजून १९ मिनिटांनी दुसरा धक्का. ३.६ चा.

घराला काही झालं नाही. तिकीट विज्ञानाच्या गाइडमध्ये सापडलं. पण आई फोनवर रडत होती. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट तिच्या पिढीने ऐकलीय, पाहिलीय. मराठवाड्यात ‘किल्लारी’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

आता गंमत बघा. दहावीचं हॉल तिकीट हरवलं, तर शाळा त्याची पुन्हा प्रिंट काढते आणि त्यावर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून देते. बोर्डाचीच तशी सूचना असते. म्हणजे ज्या कागदासाठी पोरगी हलत्या घरात शिरली, तो परत मिळणारा होता. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर घरातला ‘शिकलेला’!

पुढच्याच रविवारी गावी गेलो आणि दाराजवळच्या खुंटीला एक जुनी सॅक अडकवली. त्यात दोन पाऊच.

पहिलं पाऊच परीक्षेचं, पारदर्शक. हॉल तिकीट आणि त्याची झेरॉक्स, एकाच रंगाच्या शाईची दोन-तीन चालू पेनं, पेन्सिल, पट्टी, साधं काट्यांचं घड्याळ. पेपर संपला की सगळं परत त्यातच.

दुसरं घराचं. टॉर्च आणि वेगळे सेल. शिट्टी, कारण ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. बाबांच्या बीपीच्या आठवडाभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ओआरएसची पाकिटं. दहा-वीसच्या नोटा, कारण टॉवर बंद पडला की यूपीआय झोपतं. आधार, रेशन कार्ड, पासबुकाच्या झेरॉक्स. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात नंबर: माझा, ताईचा, ११२ आणि १०८. मोबाइल बंद पडला, तर आपल्याला किती नंबर पाठ आहेत? ट्राय करून बघा!

जपानमध्ये घरोघरी अशी पिशवी ठेवतात. तिथला हिशोब माणशी दिवसाला तीन लिटर पाणी, असं किमान तीन दिवसांचं. आम्ही दाराशी झाकणाचा कॅन भरून ठेवला. दर महिन्याला पाणी बदलायचं काम बाबांकडे. पत्र्यावरचे दगडही उतरवले. भूकंपानंतर प्रशासनाने तसं आवाहनच केलं होतं. पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आधी आपल्याच डोक्यात पडायचे!

पण किटमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू पिशवीत नाही. ती भाचीने एका कार्डावर लिहून सॅकला बांधलीय: ‘धक्का बसला की भक्कम टेबलाखाली. थांबला की बाहेर. एकदा बाहेर आलं की कशासाठीही परत आत नाही.’ घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही. तो शांत असताना करून ठेवायचा असतो.

१० जुलै २०२४ ला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यात होतं. पाच मिनिटांत आईचा फोन. ‘‘सगळे बाहेर आहोत. पिशवी घेतली, गॅस बंद केला. चहा तेवढा आत राहिला.’’

‘‘मग आणायला गेलं का कुणी?’’

‘‘बाबा निघाले होते. पोरीनं हात धरून बसवलं.’’

या वीकेंडला गावी जाताय? मिठाईच्या बॉक्ससोबत एक टॉर्च आणि एक शिट्टीही घेऊन जा.