नागपूर की मुंबई? हजच्या विमानभाड्याचा पुलगावातून मांडलेला हिशेब

पुलगाव स्टेशनवरून नागपूर दोन तासांच्या आत येते. मुंबईला जायचे तर रात्रभराचा प्रवास, अंतर सव्वासातशे किलोमीटर. तरीही हजचा फॉर्म भरायची वेळ आली की आपल्या मोहल्ल्यात एकच चर्चा ऐकू येते, "मुंबईवरून गेलं त साठ हजार वाचते म्हणते, खरं आहे का?" विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो. आई-वडिलांनी मिलच्या, डेपोच्या किंवा दुकानाच्या कमाईतून वर्षानुवर्षे पैसा जोडलेला असतो. तो पैसा कुठे जातो, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. म्हणून हा हिशेब आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

साठ हजारांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 2023 च्या हजसाठी हज कमिटी ऑफ इंडियाने जाहीर केलेला एकूण खर्च मुंबईहून सुमारे 3 लाख 5 हजार होता, नागपूरहून सुमारे 3 लाख 67 हजार आणि औरंगाबादहून सुमारे 3 लाख 92 हजार. म्हणजे नागपूरवाल्याला माणशी 62 हजार आणि औरंगाबादवाल्याला 88 हजार जास्त मोजावे लागले. मक्का-मदिनेतले राहणे, मिना-अराफातची सोय, बस, सगळे सारखेच. फरक पडला तो मुख्यतः विमानभाड्यात.

नवरा-बायको दोघे निघाले तर हा फरक सव्वा लाखाच्या घरात जातो. पुलगावसारख्या गावात सव्वा लाख म्हणजे एखाद्या मुलीच्या शिक्षणाचे वर्ष किंवा घराचा स्लॅब. आणि व्याजाचे कर्ज काढून हजला जायचे नाही, हे तर आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्यामुळे 62 हजार कमी पडले तर अनेक घरांत हज पुढच्या वर्षावर जातो, आणि सत्तरीतल्या माणसासाठी पुढचे वर्ष हाती असेलच असे नाही.

नंतरच्या वर्षांत आकडे बदलत गेले, दर वर्षी बदलतात. पण छोट्या विमानतळावरून जास्त आणि मोठ्या विमानतळावरून कमी, हे गणित मात्र कायम आहे.

एवढा फरक येतो कुठून?

हजचे विमान नेहमीच्या विमानासारखे नसते. ते खास यात्रेकरूंसाठी लावलेले असते. जाण्याच्या दिवसांत ते इथून भरून जाते आणि जवळजवळ रिकामे परत येते. परतीच्या दिवसांत रिकामे जाते आणि भरून येते. म्हणजे तुम्ही दोन फेऱ्या करता, पण विमानाच्या चार फेऱ्यांचा खर्च तुमच्या तिकिटात बसतो. मुंबईहून यात्रेकरू भरपूर, विमाने मोठी आणि कंपन्यांची स्वतःची यंत्रणा तिथेच असते, त्यामुळे तो खर्च जास्त डोक्यांवर विभागला जातो. नागपूरहून यात्रेकरू कमी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो.

दुसरे कारण कराराचे. भारत आणि सौदी अरेबिया यांच्यातल्या करारानुसार हज कमिटीच्या यात्रेकरूंची वाहतूक या दोन देशांच्या विमान कंपन्यांमध्येच वाटली जाते. नागपूरहून दोहा-शारजाकडे जाणाऱ्या आखाती कंपन्या या स्पर्धेत उतरू शकत नाहीत. दुकाने मोजकीच असली की भाव कोण ठरवतो, हे वेगळे सांगायला नको.

काही जण म्हणतात, सबसिडी गेली म्हणून महाग झाले. ते अर्धेच खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 मे 2012 रोजी हज सबसिडी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि केंद्र सरकारने ती जानेवारी 2018 मध्ये पूर्ण बंद केली. 2011 साली ही सबसिडी 685 कोटींची होती. पण हा पैसा यात्रेकरूच्या हातात कधी आला नाही. तो विमानभाड्यापोटी थेट कंपनीकडे जायचा. "मुसलमानांना सरकार फुकट हज करवते" असे टोमणे आपण ऐकले, आणि पैसा दुसरीकडेच गेला. आता सबसिडी नाही, पण भाडे ठरवण्याची पद्धत बरीचशी तशीच राहिली.

एक दिलासा मात्र मिळाला. हजच्या खास विमानांवर आधी 18 टक्के जीएसटी लागत होता. 1 जानेवारी 2019 पासून तो 5 टक्के झाला. अनेक बाजूंनी सतत मागणी झाली म्हणून हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग मुंबईच निवडायची का?

2018 च्या हजपासून यात्रेकरूला आपल्या भागातल्या महाग विमानतळाऐवजी स्वस्त विमानतळ निवडण्याची मुभा मिळाली. विदर्भातला माणूस नागपूर सोडून मुंबई घेऊ शकतो. पण ठरवण्याआधी पूर्ण हिशेब करा.

पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेसने स्लीपरमधून मुंबईला जायला काहीशे रुपये पुरतात. पण यात्रेकरूंसोबत घरचे दोघे-तिघे पोहोचवायला जातातच. विमानाच्या आधी एक-दोन दिवस मुंबईत हजर व्हावे लागते. यात्रेकरूंची सोय हज हाऊसमध्ये होते, पण सोबत आलेल्यांचे जेवण-राहणे, टॅक्सी, परतीचे तिकीट आणि पुन्हा आणायला जाणे, हे सगळे धरा. आमच्या अंदाजाने एका जोडप्यामागे हा खर्च पंधरा ते वीस हजारांत बसतो. 2023 चा फरक धरला तर तरीही लाखभर रुपये वाचतात.

आता पैशाबाहेरचा हिशेब. आई पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, रात्रीची गाडी, मुंबईची गर्दी, आणि चाळीस दिवसांच्या प्रवासातून थकून परत आल्यावर पुन्हा रात्रभर रेल्वे. अशा घरासाठी नागपूरच बरे. नागपूरहून निघाले तर सगळे खानदान विमानतळापर्यंत येऊन निरोप देते आणि संध्याकाळी घरी परत. ज्यांना ऐपत आहे आणि सोबतचे माणूस वयस्कर आहे, त्यांनी जवळचे विमानतळ घेतले तर ती उधळपट्टी होत नाही. पण चाळिशी-पन्नाशीतले धडधाकट जोडपे असेल आणि पैसा मोजून-मापून असेल, तर मुंबई घ्यायला लाजायचे कारण नाही. आपले आजोबा-पणजोबा मुंबईच्या मुसाफिरखान्यात राहून जहाजानेच जेद्दाला जात होते. समुद्रमार्गे हज 1995 पर्यंत सुरू होता.

फॉर्म भरताना अडचण अशी की त्या वर्षाचे अंतिम भाडे तेव्हा हातात नसते. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांची विमानतळनिहाय परिपत्रके हज कमिटीच्या संकेतस्थळावरून काढून शेजारी शेजारी ठेवा आणि मगच पहिला व दुसरा पसंतीक्रम लिहा. "फलाण्याच्या पोराने सांगितले" एवढ्यावर लाखाचा निर्णय घेऊ नका.

उमऱ्यासाठी वेगळी वाट

उमऱ्याचे विमान साधे, रोजचे. तिथे भाव ठरतो तारखेवर. रमजानमध्ये, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत, भाडे सर्वात चढते. शाळांच्या सुट्ट्यांतही तेच. हज संपल्यानंतर मोहरम-सफरच्या दिवसांत गर्दी कमी असते, पण सध्या ते महिने कडक उन्हाळ्यात येतात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन 45 अंशात तवाफ करवायचा का, हेही बघा.

पुलगाववाल्याला उमऱ्यासाठी तीन वाटा आहेत. नागपूरहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून जेद्दा, मुंबईहून थेट, किंवा सेवाग्रामहून रेल्वेने हैदराबाद गाठून तिथून थेट. हैदराबाद आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही, पण तिथून जेद्दाला थेट विमाने आहेत आणि अंतरही मुंबईपेक्षा कमी आहे. तिन्ही भाव एकाच दिवशी, एकाच वेळी बघा.

नागपूर-मुंबई आणि मुंबई-जेद्दा अशी दोन वेगळी तिकिटे काढताना सावध राहा. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय देशातल्या विमानात साधारण 15 किलोच सामान मोफत चालते. खजुराच्या पेट्या घेऊन परतताना मुंबईत जादा वजनाचे पैसे भरावे लागले तर वाचवलेले तिथेच जातात. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असावा, नाहीतर मुंबईपर्यंत रेल्वेच बरी.

एजंटचे पॅकेज घेत असाल तर विमानभाडे, व्हिसा आणि हॉटेल यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. तिकीट हातात आले की त्यावरचा पीएनआर क्रमांक विमान कंपनीच्या साइटवर टाकून नाव आणि तारीख तपासा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त सांगणाऱ्याला आधी पूर्ण पैसे देऊ नका. प्रवास रद्द झाला तर एक नियम लक्षात असू द्या. "नॉन-रिफंडेबल" तिकीट असले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावेच लागते, असा डीजीसीएचा नियम आहे. तिकीट एजंटकडून घेतले असले तरी ही जबाबदारी कंपनीची. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

सगळेच मुंबईला गेले तर?

आता खरा पेच. विदर्भातल्या प्रत्येक घराने शहाणपणाने मुंबई निवडली, तर नागपूरची संख्या घटेल. संख्या घटली की उरलेल्यांचे भाडे आणखी वाढेल. आणि एक दिवस नागपूर यादीतूनच जाईल. ही भीती हवेतली नाही. कोरोनानंतर 2022 च्या हजला देशभरात फक्त 10 विमानतळ ठेवले होते, त्यात महाराष्ट्रातून एकटी मुंबई होती. 2017 साली हज धोरणासाठी नेमलेल्या समितीनेही विमानतळ कमी करून 9 वर आणावेत असेच सुचवले होते, त्यातही नागपूर नव्हते. म्हणजे ज्या पंच्याहत्तरीच्या आईला नागपूरच हवे, तिची सोय आपल्या सगळ्यांच्या बचतीमुळे जाऊ शकते.

म्हणून आपल्या घरचा हिशेब एकीकडे आणि समाजाची मागणी दुसरीकडे, दोन्ही सोबत चालल्या पाहिजेत. यात केरळकडून शिकण्यासारखे आहे. कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 च्या विमान अपघातानंतर मोठ्या विमानांना परवानगी राहिली नाही. छोटी विमाने, म्हणून हजचे भाडे शेजारच्या कन्नूरपेक्षा खूप जास्त. 2024 मध्ये तिथल्या सरकारने, खासदारांनी आणि संघटनांनी एकत्र दबाव आणला आणि भाडे काही प्रमाणात खाली आले. तरी सुमारे 40 हजारांचा फरक उरलाच. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे 2025 मध्ये न्यायालयाने भाड्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयातून भाव कमी होईल या आशेवर बसून चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

आणि कोझिकोडला धावपट्टीची अडचण आहे, नागपूरला तीही नाही. मिहानमध्ये बोईंगची मोठी विमाने देखभालीसाठी येतात. मग हजसाठी मोठे विमान का लावता येऊ नये? विदर्भासोबत लगतच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधले यात्रेकरू नागपूरला जोडले तर विमान भरणार नाही का? दोन देशांच्या कंपन्यांखेरीज इतरांना निविदा का भरता येऊ नये? हे प्रश्न वर्ध्याच्या खासदारांना, राज्य हज कमिटीला आणि अल्पसंख्याक मंत्रालयाला लेखी विचारले गेले पाहिजेत, आणि तेही निविदा निघण्याआधी. भाडे जाहीर झाल्यावर निवेदन देऊन फोटो काढण्यात काही हशील नाही.

आमची वाचकांना विनंती आहे. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, वर्धा इथल्या मशीद कमिट्यांनी यंदा फॉर्म भरणाऱ्यांची यादी करावी, कोणी नागपूर घेतले, कोणी मुंबई आणि का, एवढे लिहून ठेवावे. "भाड्यामुळे आमच्या गावातल्या एवढ्या लोकांनी नागपूर सोडले" असा आकडा हातात असेल तर मागणीत वजन येईल. तोवर ज्याच्या घरी जसे माणूस आणि जसा पैसा, त्याप्रमाणे त्याने विमानतळ निवडावे. मुंबई घेतली म्हणून कोणी कंजूष ठरत नाही, नागपूर घेतले म्हणून कोणी श्रीमंत ठरत नाही.