स्थिती समाधानकारक

नवरात्रातल्या एका संध्याकाळी आमची नात कॉलेजातून आली ती एक जाडजूड बाड घेऊन. निळे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे, आत गुळगुळीत कागद. बाड माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आजोबा, एवढे वाचून द्या. सोमवारी द्यायचे आहे. शुद्धलेखन तेवढे पाहा." आणि भोंडल्याची खिरापत काय आहे ते ओळखायला आजीकडे स्वयंपाकघरात गेली.

नात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच मुलामुलींचा तिचा गट. एखादे काम पाचांनी मिळून करावे, त्याचा अहवाल लिहावा आणि तो चार लोकांपुढे नीट बोलून दाखवावा, हा हल्ली त्यांच्या अभ्यासाचाच भाग आहे. आमच्या वेळी हे कोणी शिकवीत नसे. ठेचा खाऊन शिकावे लागे. या गटाच्या वाट्याला काम आले होते पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाचे. तिथल्या मोऱ्या, गटारे आणि संरक्षक भिंती पाहून त्यांची स्थिती लिहायची. मोरी म्हणजे आपल्या न्हाणीघरातली नव्हे. डोंगराचे पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारा बोळ. आंबेनळी हे नाव वाचले आणि मी चष्मा पुसून बसलो. माझ्या नोकरीची पहिली वर्षे ओव्हरसिअर म्हणून त्याच बाजूला गेली.

बासष्ट पाने होती. पहिली आठ सह्याद्रीच्या निसर्गसौंदर्याची, पुढची सहा प्रतापगडाच्या इतिहासाची. मग फोटो. मग मोऱ्यांच्या दोन याद्या. आणि शेवटच्या पानावर हे वाक्य : "संपूर्ण घाटाची पाहणी करण्यात आली असून सर्वसाधारण स्थिती समाधानकारक आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तरी मी पेन्सिल हातात घेतली. एका यादीतली अंतरे पोलादपूरपासून मोजलेली होती, दुसरीतली महाबळेश्वरपासून. दोन्ही एका बाजूने मांडून पाहिली, तर मधले दोन किलोमीटर कुठल्याच यादीत नव्हते.

"बाळ, हा मधला तुकडा कोणी पाहिला?" मी विचारले.

"खालून, कापड्याकडून चढलेल्यांनी पाहिला असेल. मी वरच्या तुकडीत होते. आम्ही वाडा कुंभरोशीकडून उतरलो."

तिने फोन लावला. खालच्या तुकडीचे म्हणणे, तो तुकडा वरच्यांनी पाहिला असेल. रस्ता रायगड जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात जातो तिथलाच तो भाग. हद्दीवरचे काम हे नेहमी दुसऱ्याचे असते, हा अनुभव काही नवा नाही.

"मग 'संपूर्ण' हा शब्द कोणी लिहिला?"

"मी," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांचे जोडायचे काम माझ्याकडे होते. पण आजोबा, शेवटी सगळे असेच लिहितात ना?"

वाचकहो, या प्रश्नावर मला दोन शब्द सुनावता आले असते. पण जीभ उचलेना. कारण 'स्थिती समाधानकारक' हे शब्द मीही लिहिले आहेत. त्या रात्री ती गोष्ट मी घरात प्रथमच सांगितली.

पन्नास वर्षांमागची गोष्ट. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. सावित्रीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर, एका वाडीकडे जाणारा साकव होता. पावसाळ्याआधी त्याची पाहणी करायची होती. मी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. दिवसभरात असे चार साकव पाहून झाले होते आणि परतीची एस. टी. चुकली असती तर रात्र फाट्यावर काढावी लागली असती. मी अलीकडच्या काठावर उभा राहिलो. अलीकडचा दगडी धक्का ठोकून पाहिला, खणखणीत होता. पलीकडचा तसाच असणार. छापील फॉर्मात एक चिमुकला रकाना होता. त्यात मी लिहिले, 'स्थिती समाधानकारक', आणि सही ठोकली.

श्रावणात पलीकडच्या धक्क्याखालची माती वाहून गेली आणि साकव त्या बाजूने खचला. त्या वेळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक शेतकरी त्यावरून चालला होता. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि पाय कायमचा अधू झाला. चौकशीत मला दोष लागला नाही. कागद सरळ होता. अतिवृष्टीचे कारण होते. मी त्यांना भेटायला वाडीवर गेलो, तेव्हा त्यांनी मला बसायला घोंगडी दिली, चहा दिला आणि एकच विचारले, "सायेब, तुम्ही पलीकडं आला व्हता का?"

रागाने नव्हे, माहिती म्हणून विचारले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

माझा साकव लहान होता. त्याच सावित्रीवर महाडजवळचा ब्रिटिश अमदानीतला, १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एस. टी. बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचे आढळले होते, असे नंतर सरकारनेच सांगितले. त्या तपासणीत कोणाचे काय चुकले, हे मी घरात बसून सांगणार नाही. पण ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पाण्याखालचा पाया वरून दिसत नाही. तो पाहिला की नाही, हे कागदावर लिहिलेले असले तर वाचणारा सावध तरी राहतो. अहवाल म्हणजे जो तिथे नव्हता त्याला आपण दिलेले डोळे. त्या डोळ्यांना काय दिसले नाही, हेही त्याला कळले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पाचही मुले आमच्याकडे जमली. सौभाग्यवतींनी पोह्यांची परात मध्ये ठेवली आणि आम्ही बाडाची शस्त्रक्रिया सुरू केली.

पहिला मुद्दा गटाने काम करण्याचा. या मुलांनी काम वाटून घेतले होते. पण वाटून घेणे आणि मिळून करणे यांत फरक आहे. याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीला निघालेली बस दरीत कोसळली. बसमधला एकच माणूस वाचला. तो दरीतून चढून रस्त्यावर आला आणि त्याने कळवले, म्हणून जगाला कळले. मग महाबळेश्वर, पोलादपूर, महाड या भागांतले गिर्यारोहक दोर घेऊन त्या पावसात आणि धुक्यात खाली उतरले आणि एकेक मृतदेह वर आणला. दोरावर काम करणाऱ्यांची रीत मुलांना सांगितली. वर दोर सांभाळणारा कोण, खाली उतरणारा कोण, मध्ये निरोप देणारा कोण, हे आधी ठरते. शब्द थोडे आणि ठरलेले. खालून 'ओढा' आले की वरचा तोच शब्द परत उच्चारतो आणि मगच ओढतो. 'त्याने धरला असेल' असे तिथे कोणी म्हणत नाही; म्हटले तर माणूस जातो. तुमच्या दोन तुकड्या जिथे भेटायच्या होत्या तिथला दगड आधी ठरला असता आणि 'आम्ही इथवर आलो' एवढा निरोप परतला असता, तर दोन किलोमीटर हरवले नसते.

दुसरा मुद्दा विशेषणांचा. अहवालात पाऊस कुठे 'मुसळधार' होता, कुठे 'प्रचंड', एके ठिकाणी इंचांत आणि दुसरीकडे मिलिमीटरमध्ये. मी म्हटले, २०२१ च्या जुलैतला आकडा घ्या. २२ तारखेच्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे जमिनीवर जवळजवळ दोन फूट पाणी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला जाते. तेव्हा वर पर्जन्यमापकात पडलेला आकडा हा खाली महाडच्या बाजारपेठेतल्या माणसाचा प्रश्न असतो. त्या वेळी महाड पुरात बुडाले, आणि त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगराचा कडा येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. 'मुसळधार' या शब्दावरून कोणी माळ्यावर सामान चढवील, कोणी नुसती खिडकी लावील. आकडा दिला आणि त्याचा वाचणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ सांगितला, तर त्याला ठरवता येते. आणि निरोप पाठवला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे, हेही त्या दिवसाने शिकवले.

"मग शेवटच्या वाक्यात काय वाईट आहे?" एका मुलाने विचारले. "योग्य ती कार्यवाही व्हावी. सभ्य भाषा आहे."

"सभ्य आहे, पण ती कार्यवाही कोणी करायची? कोणती? कधीपर्यंत?"

यावर मी त्यांना रायगडाच्या धन्याकडे नेले. शिवछत्रपतींचे एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूण भागात पावसाळ्यासाठी ठेवलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले. मूळ पत्र मुलांनी अवश्य वाचावे. मी त्याची रीत तेवढी सांगतो. 'शिस्त पाळा' असे म्हणून ते थांबत नाही. दाणागवत पावसाळाभर पुरवायचे आहे; आताच उधळले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, भाजी ओरबाडू लागतील, आणि रयतेला वाटेल की याहून मोगल बरे. दिवा जळता ठेवाल, तर उंदीर पेटती वात नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि घोडी जातील. एवढ्या मोठ्या राजाने उंदराच्या तोंडातली वात पाहिली होती, आणि ज्याला लिहायचे त्यालाही ती दाखवली. वाचणाऱ्याला काय करायचे, का करायचे आणि न केल्यास काय होईल, हे कळल्यावाचून राहत नाही. कामाच्या पत्राचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

पोह्यांची परात रिकामी झाली. मुले एकमेकांकडे पाहू लागली. बाड सोमवारी द्यायचे होते आणि तो दिवस शुक्रवार होता. "'हा भाग पाहिलेला नाही' असे लिहिले तर चालेल का?" एकीने विचारले. मी म्हटले, चालेल. ते खरे आहे. पण नातच म्हणाली, "नको. जाऊन येऊ."

शनिवारी पहाटे भाड्याची जीप करून आम्ही निघालो. मुले नको म्हणत असताना मीही चढलो. त्या दोन किलोमीटरांत तीन मोऱ्या निघाल्या. दोन मोकळ्या होत्या. तिसरीपाशी नात गवत बाजूला सारून उतरली आणि तोंडाशी वाकून पलीकडचा उजेड दिसतो का पाहू लागली. दिसला नाही. वरचे तोंड दगडमातीने निम्म्याहून अधिक बुजले होते. त्यात नाट्यमय असे काही नव्हते. पावसाळ्यानंतर घाटात असे होतेच. पण मोरी बुजली की पाणी रस्त्यावरून वाहते, कडेची माती खाते, मग भिंत सुटते आणि एका रात्री रस्ता जातो. हे सारे एका घमेल्या-फावड्याच्या कामातून टळते, मात्र कोणीतरी त्याला 'इथे' असे बोट दाखवावे लागते.

नवा अहवाल नऊ पानांचा झाला. निसर्गसौंदर्य गेले, प्रतापगड गेला, सोनेरी अक्षरेही गेली. पहिल्याच पानावर ती बुजलेली मोरी, तिचे पोलादपूरपासूनचे अंतर आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय करावे ते दोन ओळींत आले. प्रत्येक भाग कोणी पाहिला, त्याचे नाव समोर. एक प्रत संबंधित कार्यालयाला पाठवली. उत्तर यायचे आहे. मुलांना म्हटले, पंधरा दिवसांनी विचारा, तेही कामातच मोडते.

शेवटच्या पानावर नातीने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली : "घाटाची पाहणी दिवसा व कोरड्या हवेत केली. भिंतींचा पाया आम्हांला दिसला नाही."

ती ओळ मी दोनदा वाचली आणि बाड मिटले. त्या वाडीवरचे गृहस्थ आता हयात नाहीत. असते तर यंदाच्या दिवाळीत ही नऊ पाने घेऊन त्यांच्याकडे गेलो असतो आणि राहिलेले उत्तर दिले असते : नाही दादा, मी पलीकडे आलो नव्हतो.