विश्लेषण : शेवट न सांगता रहस्यकादंबरीविषयी बोलायचे कसे? वाचकांच्या मतांची नोंद का हवी?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरी होते. शाळांत आणि ग्रंथालयांत वाचक उभे राहून आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलतात. सामाजिक कादंबरी असेल तर बोलणे लांबते. रहस्यकादंबरी असेल तर 'शेवट सांगत नाही, तुम्हीच वाचा' इथे थांबते. कार्यक्रम संपला की दोन्ही प्रकारची मते तिथेच विरतात. ग्रंथपालाच्या नोंदवहीत पुस्तक कधी नेले आणि कधी परत आले एवढेच उरते. मराठी रहस्यकथेच्या बाबतीत तर यामुळे एक मोठी पोकळी तयार झाली आहे. ती कशी झाली आणि महाड-पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्यातील लहान ग्रंथालय ती भरून काढण्यास काय करू शकते, याचा हा आढावा.

शिवथरचा या विषयाशी संबंध काय?

महाडपासून तीसेक किलोमीटरवर, वरंधा घाटाच्या पायथ्याच्या मुलखात शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी येथे 'दासबोध' सांगितला आणि कल्याण स्वामींनी तो लिहून घेतला, असे मानले जाते. ग्रंथाचे २० दशक, २०० समास आणि ७,७५१ ओव्या आहेत. भाविकांसाठी हे श्रद्धास्थान आहे. वाचनाच्या दृष्टीने पाहिले तर या ग्रंथाची रचना लक्ष वेधून घेते. त्याची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते : हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे? पुढेही श्रोता जागोजागी शंका काढतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. ऐकणाऱ्याला काय पटले नाही, कुठे अडले, हे मूळ मजकुरातच नोंदले गेले आहे. १९ व्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे : अक्षर कसे असावे, लिहिलेले कसे जपावे.

ही घळ बराच काळ विस्मरणात गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुन्या कागदपत्रांतील उल्लेखांचा माग काढत १९३० मध्ये ती शोधून काढली. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी एकाच नावाची गावे असलेल्या मुलखात नेमकी जागा ठरवणे हे एक प्रकारचे गुप्तहेराचेच काम होते. कोणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून ते शक्य झाले.

रहस्यकादंबरीवरची प्रतिक्रिया वेगळी का असते?

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील डाव आहे. लेखक धागेदोरे समोर ठेवतो, पण त्यांचा अर्थ लपवतो. वाचक त्याच्या आधी उत्तरापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतो. म्हणून पुस्तक मिटल्यावर निघणारे पहिले वाक्य बहुतेक वेळा 'मला आधीच कळले होते' किंवा 'लेखकाने फसवले' यांपैकी एक असते. दुसऱ्या तक्रारीत वाङ्मयीन मुद्दा दडलेला आहे. उत्तर काढण्यासाठी लागणारी माहिती वाचकाला दिली होती का? दिली असूनही तो चकला, तर ते लेखकाचे कसब. दिलीच नसेल, तर ती लबाडी.

हा वाद जुना आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी १९२६ मध्ये आली, तेव्हा तिच्या शेवटावरून वाचकांत सरळ दोन तट पडले. तो शेवट न वाचलेल्यांसाठी इथेही सांगायला नको. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने रहस्यकथेसाठी १० नियम मांडले. अलौकिक शक्तीचा आधार घेऊ नये, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारे नसावीत, असे त्यांचे स्वरूप होते. हे नियम नारायण धारप यांच्या भयकथांना लावले तर त्यांतील बहुतेक पहिल्याच फेरीत बाद होतील. पण धारपांचा वाचक गुन्हेगार कोण हे शोधण्यासाठी पुस्तक उघडत नाही. त्याला भीती हवी असते. म्हणजे वाचकाची अपेक्षा कोणती होती हे कळल्याशिवाय त्याच्या नाराजीचा अर्थ लागत नाही.

मग समकालीन कादंबरीविषयी वाचक काय बोलतो?

तिथे शेवट फुटण्याची भीती नसते. वाचक पुस्तक स्वतःच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहतो. गो. नी. दांडेकर यांच्या 'पडघवली'त कोकणातले एक गाव हळूहळू मोडत जाते आणि ते अंबावहिनीच्या तोंडून कळते. ज्या खेड्यांतली तरणी माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला चाकरीला गेली, तिथला वाचक ही कादंबरी आपल्या बंद घरांकडे पाहत वाचणार, हे उघड आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर कोणाला आपलाच वाटला, तर कोणाला त्याचे बोलणे कंटाळवाणे आणि उद्धट वाटले. या दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. दोन्ही मिळून त्या कादंबरीचे मराठीतील स्थान ठरले.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातील शेतकरी कुटुंबाची ही कहाणी भातशेती करणारा पोलादपूरचा वाचक कशी वाचतो, पीक वेगळे असूनही त्याला काय ओळखीचे वाटते, हे पुरस्काराच्या मानपत्रातून कळत नाही. ते त्या वाचकालाच विचारावे लागते.

मराठी रहस्यकथेच्या बाबतीत नेमके काय हरवले?

बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची पात्रे एका पिढीला घरच्यांसारखी माहीत होती. गुरुनाथ नाईक यांच्या पुस्तकांची संख्याही हजारापुढची. सुहास शिरवळकर यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, दारा बुलंद अशा नायकांच्या रहस्यकथा लिहिल्या आणि 'दुनियादारी'सारखी महाविद्यालयीन जीवनावरची कादंबरीही.

ही पुस्तके प्रामुख्याने भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून फिरली. हातोहात जाता जाता त्यांची पाने सुटली, मुखपृष्ठे फाटली आणि शेवटी ती रद्दीत गेली. पुस्तक जितके लोकप्रिय, तितक्या लवकर ते संपले. दुसरीकडे, वाङ्मयीन समीक्षेने या लेखनाला बराच काळ दारातच उभे केले. परिणामी 'कोसला'विषयी मराठीत भरपूर लिहिलेले सापडते, पण अर्नाळकरांची कोणती कथा वाचकांना फसवी वाटली, कोणता उलगडा त्यांनी डोक्यावर घेतला, याची नोंद फारशी मिळत नाही. या पुस्तकांची खरी समीक्षा वाचकांनीच केली. चाळीच्या गॅलरीत, एसटीच्या प्रवासात, वर्गातल्या मागच्या बाकावर. ती लिहिली मात्र कोणी नाही.

वाचकांच्या बोलण्याने खरेच काही बदलते का?

बदलते, याची उदाहरणे आहेत. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले, तेव्हा वाचक इतके चिडले की अनेकांनी 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ मध्ये लेखकाला तो जिवंत करून परत आणावा लागला.

मराठीतले उदाहरण अधिक जवळचे आहे. 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची गोष्ट पहिल्यांदा १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने सांगितली होती. चित्रपटाचे बीज तिथले. नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या दोन खंडांच्या कादंबरीतून आले, आणि ती कादंबरी घडते पोलादपूरहून कशेडी घाट उतरला की लागणाऱ्या खेड तालुक्यात. एका वाचकाने दुसऱ्याला रंगवून सांगितलेल्या गोष्टीतून २५ वर्षांनी चित्रपट उभा राहिला.

'दुनियादारी'चा प्रवासही असाच. ही कादंबरी अनेक वर्षे मित्राने मित्राला सुचवत टिकवली. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा 'पुस्तकात असे नाही' असे हक्काने सांगणारा वाचकवर्ग आधीच तयार होता.

ग्रंथालयांत सध्या कशाची नोंद होते?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यानुसार अनुदान मिळते. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद अशा मोजता येणाऱ्या बाबी पाहिल्या जातात. त्यात गैर काही नाही, सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच. पण दाखल नोंदवही पुस्तक आल्याचे सांगते, देवघेव नोंदवही ते कोणी नेल्याचे सांगते. नेलेले पुस्तक वाचले का, अर्ध्यावर का सोडले, याला रकानाच नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी अपेक्षा आहे. ही गाठ कोणत्या आधारावर घालायची? केवळ देवघेवीच्या आकड्यांवरून ते जमत नाही.

महाड-पोलादपूरसाठी हे अधिक महत्त्वाचे का?

शहरातल्या वाचकाला पुस्तकाच्या दुकानात जाऊन चार पाने चाळता येतात. शिवथरच्या खोऱ्यातल्या वाचकाला ती सोय नाही. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. अशा ठिकाणी पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे, हे आधी वाचलेल्या माणसाच्या शब्दावर ठरते. खरेदीचा निधीही मर्यादित असतो. त्यामुळे कोणती पुस्तके खरोखर वाचली जातात आणि का, हे समजणे हा इथे पैशाचाही प्रश्न आहे.

दुसरे कारण पाणी. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले. पुराच्या गावात कागदाचा भरवसा धरता येत नाही. पुस्तक भिजले तर दुसरी प्रत आणता येते. वाचकांची मते मात्र एकाच वहीत असतील आणि तीही गेली, तर परत मिळणार नाहीत. म्हणून वही आणि तिची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, दोन्ही हवीत.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की भिलार लागते. राज्य सरकारने ४ मे २०१७ रोजी तिथे 'पुस्तकांचे गाव' सुरू केले. घराघरांत विषयवार पुस्तके मांडून वाचकाला बसायला जागा दिली. पुस्तक गावात आणण्याचा तो प्रयोग आहे. घाटाखालच्या ग्रंथालयांना त्याची पुढची पायरी उचलता येईल.

ती पायरी कोणती?

दोनशे पानी वही आणि चार रकाने : पुस्तकाचे नाव, कुठपर्यंत वाचले, काय पटले, कुठे अडले. नाव लिहिण्याची सक्ती नको. कोणी काय वाचतो हा त्याचा खासगी मामला आहे आणि लहान गावात तो जपणे जास्त गरजेचे आहे. रहस्यकादंबरीसाठी एक नियम पुरे : शेवटाविषयीचे मत वहीच्या मागच्या बाजूने लिहायचे. पुढून वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. पुस्तक संपवलेल्याने वही उलटी करावी आणि आपल्यासारखे आणखी कोण चकले ते पाहावे.

या उपायाला मर्यादा आहेत. 'छान आहे', 'आवडले' अशा नोंदींनी वही भरली तर तिचा उपयोग नाही. म्हणूनच 'कुठे अडले' हा रकाना महत्त्वाचा. शिवाय बहुतेक ग्रामीण ग्रंथालयांत एखाद-दुसरा कर्मचारी असतो. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाच्या गळ्यात आणखी एक नोंदवही घालणे योग्य नाही. हे काम वाचकांनीच करावे. वही टेबलावर उघडी असावी, तिचा अनुदानाशी संबंध नसावा. एकदा ती तपासणीच्या यादीत गेली की खोट्या नोंदी सुरू होतील.

अर्नाळकरांच्या वाचकांची पिढी आता थकली आहे. काळापहाडच्या पुस्तकासाठी वाचनालयाबाहेर थांबलेले आजोबा गावोगाव अजून आहेत. मुंबईतली नोकरी संपवून परतलेले, दुपारी पडवीत बसलेले. नव्या वाचकांची वही पुढच्या वर्षी सुरू झाली तरी चालेल. या आजोबांना मात्र याच वर्षी विचारायला हवे : कोणती गोष्ट आठवते आणि तिचा शेवट पटला होता का?